सागाला साग जुळवताना: ऑइल स्टेनच्या रंगछटांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरी तीस वर्षांचं सागवानी कपाट आहे. एक दार वाळवीने गेलं म्हणून सुताराकडून सागाचंच नवं करून घेतलं. पॉलिशवाल्याने ‘टीक’ नावाचा तयार ऑइल स्टेन (पॉलिशआधी लाकडाला रंग देणारं तेलाचं मिश्रण) लावून दाखवला, पण नवं दार पिवळं दिसतं आणि जुनं लालसर तपकिरी. दुकानातल्या कुठल्याच डब्याशी रंग जुळत नाही. स्वतः रंग मिसळून जुळवता येईल का? (सातारा)

उत्तर : येईल. आधी डब्यावरच्या नावाचा विचार सोडून द्या. एका कंपनीचा ‘टीक’ दुसऱ्या कंपनीच्या ‘लाइट वॉलनट’सारखा निघू शकतो. तुम्हाला जो रंग जुळवायचाय तो तीन थरांचा आहे : प्रकाशाने आणि हवेने पिकलेलं लाकूड, त्यावरचं पिवळं पडलेलं पॉलिश, आणि सगळ्यात वर हाताचा मळ. हा तिसरा थर आधी काढा. जुन्या दाराचा एक कोपरा टर्पेंटाईनमध्ये भिजवलेल्या फडक्याने मेण-मळ निघेपर्यंत पुसा आणि त्याच कोपऱ्याशी रंग जुळवा, नाहीतर तुम्ही स्वयंपाकघरातला धूर जुळवत बसाल.

नव्या दाराच्या लाकडाचे उरलेले तुकडे सुताराकडून मागून घ्या. हाताच्या पंजाएवढे आठ-दहा पुरतील. दाराला जो पॉलिश पेपर मारला तोच तुकड्यांनाही मारा, आधी १५० आणि मग १८० नंबर. तुकडा ३२० ने गुळगुळीत केलात आणि दार १५० वर सोडलंत, तर तोच स्टेन दारावर गडद बसेल. खरबरीत पृष्ठभागाच्या ओरखड्यांत रंगाचे कण जास्त अडकतात. ताज्या सागात हिरवट-काळपट पट्टे असतील तर दार आठवडाभर उन्हात ठेवा, दोन्ही बाजू आलटूनपालटून, म्हणजे वाकणार नाही. पट्टे बरेचसे विरतात. रंग जुळवायचा तो त्यानंतर. सागात स्वतःचं तेल असतं आणि त्यामुळे स्टेन उशिरा वाळतो, म्हणून लावण्याआधी एनसी थिनरच्या (नायट्रोसेल्युलोज पॉलिश पातळ करायच्या द्रवाच्या) फडक्याने पुसून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या.

रंग मिसळायला बिनरंगाचा पाया लागतो. ‘नॅचरल’ किंवा ‘क्लिअर’ नावाने मिळणारा ऑइल स्टेन चालेल. नाहीच मिळाला, तर १०० मिलीसाठी डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल ३० मिली, सिंथेटिक क्लिअर व्हार्निश १५ मिली आणि मिनरल टर्पेंटाईन ५५ मिली. यातलं तेल आणि व्हार्निश रंगाला लाकडाशी धरून ठेवतं, टर्पेंटाईन नुसतं वाहून नेतं आणि उडून जातं.

रंगासाठी चित्रकलेच्या ऑइल कलरच्या ट्यूब घ्या : रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर आणि लॅम्प ब्लॅक. रॉ सिएना नसेल तर यलो ऑकर चालेल. सिएना आणि अंबर या मुळात लोहयुक्त माती आहेत, पॉलिशवाल्यांच्या पिवडी-गेरूच्या भाऊबंद. माती भाजली की लाली चढते, ती ‘बर्न्ट’. अंबरमध्ये मँगनीजही असतं, म्हणून तिचा रंग मातकट आणि तिच्यामुळे तेल लवकर वाळतं. लॅम्प ब्लॅकचं उलट, तो तेलाचं वाळणं लांबवतो.

मोजमाप थेंबांनी करू नका, कारण ट्यूबमधला रंग थेंबाने पडतच नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणा. १०० मिली पायात रॉ सिएना ४ ग्रॅम, बर्न्ट सिएना दीड ग्रॅम आणि बर्न्ट अंबर दीड ग्रॅम, इथून सुरुवात करा.

हा रंग डब्यात थेट पिळू नका. तो शेवयांसारखा तळाला जाऊन बसतो आणि वर नुसतं पिवळसर तेल दिसतं. पांढऱ्या टाइलवर रंग घ्या, त्यात चमचाभर पाया घाला आणि पातळ पात्याच्या सुरीने दाबून-घासून एकजीव करा. सुरीने पातळ थर ओढला की टाइलवर कुठेही ठिपका किंवा रेघ दिसता कामा नये. अशी सायीसारखी पेस्ट झाली की थोडा थोडा पाया घालत सैल करा आणि मग उरलेल्या पायात ओता. हा टप्पा टाळला तर स्टेन पुसताना दाण्याची गाठ फुटते आणि लाकडावर वीतभर काळी रेघ उठते. ती नंतर पुसून जात नाही.

पहिल्या तुकड्यावर ब्रशने लावा, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा, मग सुती फडक्याने आधी आडवं आणि शेवटी रेषांच्या दिशेने पुसा. तुकड्यामागे पेन्सिलीने नंबर आणि वजनं लिहा. वाळलेला स्टेन निस्तेज दिसतो, घाबरू नका. त्यावर टर्पेंटाईनचा ओला हात फिरवला की पॉलिशनंतर तो कसा दिसेल याचा अंदाज क्षणभर मिळतो. निर्णय मात्र दुसऱ्या दिवशी, तुकड्याच्या अर्ध्या भागावर दारालाच लागणारं पॉलिश मारून, तुकडा दाराशेजारी उभा धरून करा. एकदा दुपारी खिडकीपाशी आणि एकदा रात्री दिव्याखाली. काही रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात, त्यामुळे कपाट ज्या खोलीत राहणार तिथलाच उजेड खरा.

सुधारणा करताना क्रम मोडू नका : आधी पिवळेपणा, मग लाली, शेवटी गडदपणा. एका वेळी एकच रंग, तोही ०.३ ते ०.५ ग्रॅमच्या पावलाने. काळा फार जोरकस असल्यामुळे १ ग्रॅम काळा ९ ग्रॅम पायात कालवून वेगळा ठेवा. या पातळ काळ्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ०.१ ग्रॅमच काळा असतो, हात सैल पडला तरी नुकसान थोडकं.

जुळणी पूर्ण होण्याच्या किंचित अलीकडे थांबा. नवं दार पुढच्या वर्ष-सहा महिन्यांत स्वतःहून पिकणार आहे. आज तंतोतंत जुळवलंत तर उद्या तेच गडद दिसेल.

दोन्ही बाजू मिळून अठरा-वीस चौरस फुटांच्या दाराला २०० मिलीच्या आसपास स्टेन लागतो. ३०० मिली करा. मध्येच कमी पडला तर दुसऱ्यांदा हुबेहूब होत नाही. तिप्पट करताना काळा आणि अंबर आधी हिशेबाच्या ऐंशी टक्केच घाला, एका तुकड्यावर पाहा आणि मग बाकीचा. १०० मिलीच्या नमुन्यात ०.३ ग्रॅमच्या जागी ०.४ ग्रॅम काळा गेला असेल तर ती चूक तिप्पट मापातही तशीच चालत येते.

प्रश्न : अर्धा लिटर क्लिअर ऑइल स्टेनमध्ये १०० मिलीच्या युनिव्हर्सल स्टेनरच्या (रंगात मिसळायच्या दाट रंगाच्या) दोन बाटल्या ओतून रंग केला. आठवडा झाला, टीपॉय अजून चिकट आहे. स्टेन खराब निघाला का? (नाशिक)

उत्तर : स्टेन ठीक आहे, बाटल्या जास्त झाल्या. युनिव्हर्सल स्टेनर पाण्याच्या आणि तेलाच्या, दोन्ही रंगांत चालावा म्हणून त्यात ग्लायकोलसारखे पातळ घटक असतात. ते तेलाप्रमाणे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत नाहीत, थोडेसे असले तर खपून जातात एवढंच. ऑइल स्टेनमध्ये त्यांची मर्यादा आकारमानाच्या पाच टक्के धरा. अर्ध्या लिटरला २५ मिली, तुम्ही आठपट घातलं आहे. आता वाट पाहून उपयोग नाही. खिडक्या उघड्या ठेवून एनसी थिनरच्या फडक्याने आणि बारीक स्टील वूलने रेषांच्या दिशेने धुऊन काढा. फडकं सतत बदला, दोन दिवस सुकवा, १८० चा पेपर मारा आणि पुन्हा सुरुवात करा.

पाच टक्क्यांत हवा तेवढा गडद रंग येत नसेल तर स्टेनर वाढवायचा नाही. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्या, किंवा १८० ऐवजी १२० च्या पेपरवर थांबा, किंवा क्लिअरऐवजी तयार गडद स्टेन पाया म्हणून घ्या. ट्यूबचे ऑइल कलर मुळातच जवसाच्या तेलात घोटलेले असतात, म्हणून त्यांचं प्रमाण थोडं पुढे गेलं तरी चालतं. सुकी पूड वापरणार असाल तर ट्यूबच्या वजनाच्या निम्मी पूड घ्या. ती मात्र तेलात जास्त वेळ घोटावी लागते.

फक्त पाण्याच्या भिंतीरंगासाठी असलेला स्टेनर तेलात मुळीच घालू नका. तो फाटतो.

प्रश्न : वॉलनट रंग करायला गेलो तर फारच लाल झाला. काळा घातला तर गढूळ झाला. काय चुकलं? (कोल्हापूर)

उत्तर : लाली काळ्याने जात नाही, दबते आणि मळकट होते. लालीला हिरवं मारतं. बर्न्ट अंबर उष्ण आहे, रॉ अंबरला हिरवट झाक असते. म्हणून १०० मिलीला १ ग्रॅम रॉ अंबर घालून पाहा, लागलं तर आणखी अर्धा. तरीही लालीच वर येत असेल तर पातळ केलेल्या हिरव्याचा कणभर. रंग उलट हिरवट आणि आजारी वाटत असेल तर बर्न्ट सिएना. नारिंगी भडकला असेल तर निळ्याचा अगदी पुसट स्पर्श. सुरुवातीलाच वॉलनटसाठी बर्न्ट अंबर ५ ग्रॅम, रॉ अंबर २ ग्रॅम आणि काळा ०.३ ग्रॅम घेतला तर ही वेळ सहसा येत नाही.

स्टेन लाकडावर लागून गेला असेल तर डब्यातली दुरुस्ती उपयोगाची नाही. तासाभराच्या आत असाल तर टर्पेंटाईनने बराचसा निघेल. वाळला असेल तर १०० मिली पायात फक्त २ ग्रॅम रॉ अंबर कालवून त्याचा पातळ हात वरून द्या आणि लगेच पुसा. खालची लाली त्यातून दिसते, पण बोचत नाही.

लालीसाठी बाजारातले झगझगीत लाल स्टेनर मोहात पाडतात. खिडकीजवळच्या फर्निचरला ते वापरू नका, उन्हात फिके पडतात. रेड ऑक्साइड किंवा बर्न्ट सिएना उन्हाला दाद देत नाही.

प्रश्न : स्टेन गडद झाला तर टर्पेंटाईन किंवा पांढरा रंग घालून फिका करावा का? (लातूर)

उत्तर : दोन्ही नको. टर्पेंटाईनने रंगाबरोबर धरून ठेवणारं तेलही पातळ होतं आणि वाळल्यावर बोटाला पूड लागते. पांढरा रंग टिटॅनियमचा असतो. तो झाकणारा असल्यामुळे लाकडाच्या रेषांवर दुधाळ पडदा येतो. बिनरंगाचा पायाच घाला.

प्रश्न : पाइनच्या पलंगावर डाग-डाग उठले. कुठे काळं, कुठे कोरं. (पुणे)

उत्तर : पाइनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे आलटूनपालटून असतात आणि मऊ भाग स्टेन अधाशासारखा पितो. स्टेनआधी त्याची भूक थोडी मारावी लागते. १ लिटर स्पिरिटमध्ये ६० ग्रॅम चपडा लाख विरघळवा. ही पॉलिशच्या मानाने खूप पातळ आहे आणि तशीच हवी. एकच हात द्या, दोन तास सुकवा, २२० च्या पेपरने हलकेच घासा आणि मग स्टेन. लाख जाड झाली तर स्टेन शिरणारच नाही, म्हणून हेही आधी तुकड्यावर. वर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारणार असाल तर मेण काढलेली लाख मागा. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू धरत नाही.

फळीच्या कापलेल्या टोकांचीही हीच गोष्ट. तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात म्हणून ती काळी पडतात. टोकं ३२० पर्यंत घासा किंवा त्यांना स्टेनआधी बिनरंगाच्या पायाचा एक हात पाजा. आता उठलेले डाग मात्र वरून रंग मारून झाकणार नाहीत, घासून कोऱ्या लाकडापर्यंत जावं लागेल.

प्रश्न : आंब्याच्या लाकडाला दाट काळा रंग हवा आहे. तीन हात दिले तरी करडाच दिसतो. (रत्नागिरी)

उत्तर : ऑइल स्टेनमधला काळा म्हणजे कण. ते रेषांत आणि ओरखड्यांत बसतात, मधला गुळगुळीत भाग उघडाच राहतो. हात वाढवले तर रंगाचा थर नुसता वर साचतो आणि चिकट राहतो. खाली विरघळणारा रंग द्यावा लागेल, तो धाग्यांत शिरतो. १ लिटर गरम पाण्यात पाण्यात विरघळणारं निग्रोसिन (काळ्या रंगाची पूड) ३० ग्रॅम घाला, गार होऊ द्या. त्याआधी लाकूड नुसत्या पाण्याने ओलं करून वाळवा आणि उभी राहिलेली लव २२० ने काढा, नाहीतर ती रंगानंतर उठेल. निग्रोसिनचा हात २४ तास वाळला की वरून १०० मिलीला ६ ग्रॅम लॅम्प ब्लॅकचा ऑइल स्टेन द्या आणि पुसा. काळ्यामुळे वाळायला उशीर होईल. कोकणातल्या पावसाळ्यात तीन दिवस धरा.

प्रश्न : ऑइल स्टेनवर दुसऱ्याच दिवशी मेलामाइन (थिनरमध्ये कालवायचं कडक पॉलिश) मारलं. ब्रशबरोबर रंग ओढला गेला आणि फडताळावर ढगांसारखे पट्टे आले. (ठाणे)

उत्तर : मेलामाइनचा थिनर कच्चं तेल विरघळवतो. स्टेन वाळला की नाही हे हाताला कळत नाही, नाकाला कळतं. जवळून वास घ्या, तेलाचा उग्र वास असेल तर थांबा. मग पांढरं फडकं जोरात घासून पाहा, रंग लागला तर आणखी एक दिवस. पहिला हात ब्रशने न मारता स्प्रेने, भुरका उडवल्यासारखा हलका द्या, तो सुकला की पुढचे. पण खरं सांगायचं तर एनसी किंवा मेलामाइन ठरलेलंच असेल तर ऑइल स्टेनच्या वाटेला जाऊच नये, त्यांच्या जोडीला मिळणारा थिनरचा स्टेन वापरावा. ऑइल स्टेन शोभतो तो लाख, तेल किंवा ऑइल व्हार्निशखाली.

प्रश्न : दोन तयार डबे एकमेकांत मिसळले तर चालतं का? (अहिल्यानगर)

उत्तर : एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे ऑइल स्टेन असतील तर बिनधास्त मिसळा. बऱ्याचदा अर्धा टीक आणि अर्धा वॉलनट घेतला तर वजनकाट्याची गरजही उरत नाही. जेल स्टेन (लापशीसारखा घट्ट स्टेन) किंवा पाण्याचा स्टेन त्यात नको. एकाच रंगाचे दोन डबे असले तरी काम सुरू करण्यापूर्वी ते एका बादलीत एकत्र करा, बॅच बदलली की छटा सरकते. आणि ढवळताना काठी तळाला घासून फिरवा, दर पंधरा मिनिटांनी. अंबर-सिएना जड असतात. पहिलं दार फिकं आणि शेवटचं गडद झाल्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा तळच ढवळलेला नसतो.

प्रश्न : स्टेनच्या चिंध्या आपोआप पेटतात असं ऐकलं. ही भीती खरी आहे का? (नागपूर)

उत्तर : खरी आहे. जवसाचं तेल वाळताना प्राणवायू घेतं आणि उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या फडक्यात ती साठत जाते आणि काही तासांत कापड पेटू शकतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर अधिकच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९९१ च्या फेब्रुवारीत ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला अशाच तेलकट चिंध्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. लाकडाची डागडुजी करून कामगारांनी त्या तशाच सोडल्या होत्या. फडकी बाहेर दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवा. लाकडाच्या भुशाच्या पोत्यात कधीच टाकू नका.

प्रश्न : उरलेला स्टेन पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवता येईल? (पणजी)

उत्तर : वर्षभर सहज. मोठ्या डब्यात तळाशी न ठेवता काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरा. वर हवा राहिली की तेवढी साय धरते. साय आली तर ढवळू नका, अखंड उचलून टाका आणि उरलेला स्टेन मलमलीतून गाळा. बाटलीवर वजनं, पॉलिश पेपरचा नंबर आणि पुसायच्या आधी थांबलेली मिनिटं लिहून चिकटवा, आणि ज्या तुकड्यावर रंग पक्का केला तो तुकडा बाटलीलाच रबरबँडने बांधून ठेवा.